पितळेची गंगाजळी

आमच्या महिला मंडळाची वार्षिक सभा कल्हईवाल्याच्या सोयीनं ठरायची. इतर संस्थांत अध्यक्षांची सवड बघतात, पाहुण्यांची तारीख घेतात. आमच्याकडे कल्हईवाला कधी येतोय ते आक्का कळवायच्या आणि त्या दुपारी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांच्या मागच्या अंगणात सभा भरायची. एका कोपऱ्यात त्याचा भाता आणि निखारे, नवसागराचा धूर, आणि समोर जाजमावर पदर नाकाला लावून बसलेल्या आम्ही. मध्ये मंडळाची सगळी भांडी ओळीनं मांडलेली, बाहेरून चिंचेनं घासलेली, आतून नुकतीच चकचकीत झालेली. भांड्यांच्या बाजूला उभं राहून आक्का वर्षाचा जमाखर्च वाचत.

वाचत म्हणजे काय, मुहूर्त टळत आलेल्या भटजीनं मंगलाष्टकं म्हणावीत तसं म्हणत. वर्गणी, फराळविक्री, बालवाडीच्या खोलीचं भाडं, तिथल्या बाईंचा पगार, मुलांचा खाऊ, सगळं एका दमात. कुणी मधेच हात वर केला की कागद खाली करून शांतपणे विचारायच्या, "कुठं आडलं? परत वाचतो की. पर पयल्यापासनं वाचाय लागंल." धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत असायचे. हात खाली यायचा आणि ताळेबंद एकमतानं मंजूर व्हायचा.

आक्का आमच्या खजिनदार. आक्का हे काही त्यांचं नाव नव्हे, पण माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, तिकडे थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात, आणि ज्या घरात, ज्या संस्थेत आक्का शिरत तिथं आपोआप थोरल्या होत. गुळाच्या व्यापाऱ्याच्या बायको. नऊवारी लुगडं, पायांत पुरुषी वहाणा, आवाज पेठेच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला कळावं असा. स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असंच बोलत. कोल्हापुरात त्यात कुणाला काही वाटत नाही. मी साठीच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला मात्र पहिले काही दिवस समोर कोण बोलतंय तेच कळेना.

मी मंडळाची चिटणीस झाले ती अक्षर बरं होतं आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. आमचं मंडळ राजारामपुरीत. सभासद म्हणजे प्राध्यापकांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या बायका. त्यात मंगळवार पेठेतल्या आक्का कशा आल्या आणि खजिनदार कशा झाल्या, हे मी पुष्कळांना विचारलं. "त्या पहिल्यापासूनच आहेत," एवढंच उत्तर मिळायचं. बहुधा त्यांना नको म्हणायची कुणाची छाती झाली नसावी.

भांड्यांची गोष्ट माझ्या आधीची. एका वर्षी मंडळाकडे बरीच शिल्लक उरली होती. तेवढ्यात कुणा मंत्र्याच्या पत्नी गावात येणार असं कळलं आणि कमिटीतल्या बायकांना त्यांचा सत्कार करायची हौस आली. हार, शाल, श्रीफळ, फोटोग्राफर, मांडव. बाई आल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. शिल्लकही त्यांच्याबरोबर गेली. आक्कांना त्याचा इतका राग आला की त्या महिनाभर कुणाशी बोलल्या नाहीत म्हणे. मला वाटतं, मंडळाच्या इतिहासातला तो सर्वांत शांत महिना असणार. पुढच्या मार्चमध्ये कमिटीची बैठक बोलवायच्या आतच त्या तांबटाच्या दुकानात गेल्या आणि उरलेल्या पैशांचं हे एवढं पितळी पातेलं घेऊन, हातगाडीवर घालून, स्वतः शेजारून चालत आल्या. त्यावर मंडळाचं नाव घातलेलं होतं. "आता घाला हार ह्येला," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून दर वर्षी हेच. शिल्लक उरली की भांडं. मोठी पातेली, कढयांच्या आजीसारख्या काहिली, पराती, घंगाळं, हंडे, झारे, पळ्या. लग्नकार्याला ती भाड्यानं जायची, भाड्याचे पैसे यायचे आणि त्यांचं आणखी एक भांडं व्हायचं. गंगाजळी हा शब्द मी पुस्तकांत वाचला होता. ती घासून उपडी घालून ठेवता येते हे मला कोल्हापुरात कळलं. मी एकदा वाद घातला, की आक्का, जगातल्या सगळ्या संस्था पैसे बँकेत ठेवतात. तर म्हणाल्या, "बँकेतनं काढाय काय लागतंय? दोन सह्या. ही काहील इकायची म्हटली तर चार गडी लागत्यात उचलाय. चार गडी गोळा होईस्तोवर बायकांस्नी अक्कल येती." आणि वर, "रोकड म्हंजे उघड्यावरचा गूळ. मुंग्यांस्नी बोलवाय लागत न्हाय."

हिशेबतपासनीस नवे आले त्या वर्षीची गंमत सांगते. बिचारे तरुण, टाय लावलेले. बँकेच्या खात्यात चहापाण्यापुरते पैसे, आणि राखीव निधी मात्र भलताच मोठा. त्यांनी निधीचा पुरावा मागितला. आक्कांनी त्यांना अंगणात नेलं, एका हंड्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "आता तुमी मारा." त्यांनी मारली. "कसं वाजतंय?" "चांगलं वाजतंय." "मग तसं ल्ह्या." ते काय लिहून गेले कोण जाणे, पण पुढे कधी तक्रार आली नाही. जाताना त्यांच्या टायला नवसागराचा वास लागला होता.

ही टिचकी मारायची खोड आक्कांना जडलीच होती. कलिंगडाला मारत, नव्या दाराला मारत. माझा मुलगा तीन महिन्यांचा असताना बघायला आल्या, त्याच्या पाठीवर हलकेच पेर वाजवलं आणि "बरा हाय, भरीव हाय" असं प्रमाणपत्र देऊन गेल्या. सासूबाई दिवसभर धुसफुसत होत्या.

भांडी घेऊन गेलेल्या प्रत्येक लग्नाला त्या हजर. पण मांडवात नव्हे, अक्षता टाकायला नव्हे. मागच्या दारानं थेट आचाऱ्याकडे. आमटी खाली लागू देताय का, रिकामं भांडं विस्तवावर ठेवलंय का, कल्हई गेलेल्या भांड्यात कुणी ताक तर ठेवलेलं नाही ना, हे बघायचं आणि आल्या दारानं परत. कितीतरी नवऱ्यामुलींच्या आयांनी त्यांना हाताला धरून पंगतीत बसवायचा प्रयत्न केला. "मी जेवाय न्हाय आलो, भांडी बघाय आलोय," असं म्हणून त्या निघायच्या. भाड्याचे दर मी सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते, पण ते भिंतीपुरतेच. बंगलेवाल्याकडून एक पळी हरवली तर तिची किंमत वसूल होईपर्यंत त्या त्याच्या पायरीवर बसून राहत, आणि एखाद्या गरीब घरून भाड्याऐवजी नुसता नारळ घेऊन येत. एक नियम मात्र कधी मोडला नाही. लग्नाला भांडं नाही म्हणायचं नाही, आणि एकदा बोलून दिलं की दिलं.

माझं आणि त्यांचं पटायचं नाही, हे खरं. मी मंडळाची बालवाडी चालवत होते. राजारामपुरीच्या आतल्या गल्लीत एक लांबट खोली, वर पत्रा, पुढे थोडं अंगण आणि एक शेवग्याचं झाड. मला मुलांसाठी ठोकळे हवे होते, चित्रांचे तक्ते हवे होते, बसायला धड सतरंजी हवी होती. मागायला गेलं की पैशाचं घंगाळ झालेलं असायचं. "आक्का, मुलांना खेळायला काही नाही आणि आपण लोकांच्या पंगती उठवतोय," असं मी एकदा चिडून म्हणाले. "पोरास्नी मोकळं सोड, खेळत्यात," हे उत्तर. स्वतः कधी बालवाडीत यायच्या नाहीत. आल्याच तर दारात उभ्या राहून "काय कालवा हाय गं" म्हणायच्या आणि वळायच्या.

पण ती खोली माझा जीव होता. परक्या गावात, जिथं मी तोंड उघडलं की लोक "पुण्याच्या काय?" विचारायचे, तिथं मला आपलं म्हणता येईल असं तेवढंच होतं. सकाळी कुलूप काढलं की आतून खडूचा आणि कालच्या शेंगदाण्यांचा वास यायचा आणि मला बरं वाटायचं.

सत्तरीचं दशक अर्धं सरल्यावर एक दिवस खोलीचे मालक आले. ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. त्यांचा मुलगा मुंबईला स्थायिक झाला होता आणि जागा विकून टाका म्हणून मागे लागला होता. मोटारीच्या सुट्या भागांचा एक व्यापारी गोदामासाठी रोख द्यायला तयार होता. "पण तुम्ही इतकी वर्षं आहात," मालक म्हणाले, "पाडव्यापर्यंत विसार आणून दिलात तर जागा तुमची. बाकीचे सावकाश, हप्त्यानं द्या. पाडव्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

आम्ही तातडीनं कमिटी भरवली. पहिल्यांदाच सगळ्यांना भांड्यांचं कौतुक वाटलं. मोडीच्या भावानं विकली तरी विसार सहज निघत होता. तांबट घ्यायला तयार होता. ठराव झाला, मी तो लिहिला, मला इतका आनंद झाला की शेवटी मी दोन रेघा मारल्या. सगळ्यांचा चहा झाल्यावर आक्का म्हणाल्या, "पाडव्याच्या आत न्हाय इकता यायची. वैशाखातल्या लग्नांस्नी बोलून दिल्यात."

जे सुचलं ते मी मोठ्यानं बोलले. वैशाखापर्यंत खोलीत टायर येऊन पडतील, चाळीसएक पोरं रस्त्यावर येतील, बाईंची नोकरी जाईल, आणि तुम्ही लोकांच्या आमटीची काळजी करताय. चार जणांना नाही म्हटलं तर काय होणार आहे? आक्कांचा आवाज चढला नाही, त्याचंच मला नवल वाटलं. "त्येंनी माझ्या भरवशावर पत्रिका छापल्यात," त्या म्हणाल्या. मग, "शब्द परत मागाय लागंल. त्येंनी मोकळं केलं तर इकू. चल माझ्यासंगं. सगळ्यात मोठं लगीन गारगोटीचं हाय, तितनंच सुरवात करू."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं गारगोटीला गेलो. सगळ्या वाटेत त्या पुढच्या बाकाची दांडी धरून ताठ बसल्या होत्या. आयुष्यात कुणाकडे शब्द परत मागितला नसावा, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं, आणि तरी माझा राग गेला नव्हता.

घर गावाबाहेर, दारात म्हशी. घरधनी शेतकरी, दुधाचा जोडधंदा, तीन मुली. थोरलीचं लग्न वैशाखात. "या पावणं, बसा," म्हणून त्यांनी घोंगडं टाकलं. घट्ट दुधाचा चहा आला. आक्कांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "दादा, शब्द परत मागाय आलोय. भांडी देता येत न्हाईत."

त्यांचा चेहराच उतरला. "का वो आक्का? कुणी जास्त पैसं दिलं व्हय?"

हे ऐकून आक्का इतक्या दुखावल्या की त्यांनी तोंड म्हशींकडे वळवलं. म्हणून खोलीची सगळी हकिकत मीच सांगितली. मालक, पाडवा, विसार, तांबट. घरधन्यांनी त्यातला तांबट तेवढा धरला.

"म्हंजे मोडीत घालणार?"

"व्हय," आक्का म्हणाल्या.

"असली भांडी परत हुयाची न्हाईत."

"न्हाईत."

आतून त्यांची बायको बाहेर आली. इतका वेळ ती दाराआडून ऐकत होती. "आन मागच्या दोघींच्या लग्नाला आमी काय करायचं?" ती आक्कांनाच विचारत होती, आणि रागानं. "माझ्या भावाचं लगीन ह्या भांड्यात झालं. दिराचं झालं. पोरींच्या वक्ताला काय पत्र्याचं डबं आणायचं?" बाई आत गेली, दुधाच्या पैशांची पिशवी घेऊन आली आणि तिनं ती आक्कांच्या पुढ्यात ठेवली. "तिघींचं भाडं आत्ताच घ्या. मग तर मोडाय येणार न्हाईत न्हवं?"

"धाकटी केवढी हाय?" आक्कांनी विचारलं.

"दुसरीत हाय."

"आगं, तिचं भाडं आत्ता कसं घिऊ? लगीन तरी ठरलंय का?"

"ठरंल की," घरधनी म्हणाले. "पोरगी हाय म्हटल्यावर लगीन हुयाचंच."

आक्का नको म्हणाल्या, मी मागायला आलो नाही म्हणाल्या, उठून उभ्या राहिल्या. नवरा-बायकोंनी ऐकलं नाही. शेवटी पैसे घेतले आणि कमरेच्या चंचीत घालून गाडीत बसल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. काम न करता घेतलेला पैसा त्यांना चटका बसल्यासारखा वाटत असावा. निम्मी वाट अशीच गेली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं पुणेकरीण, मंगळवार पेठेत लग्नाच्या पोरी किती असतील?"

मी म्हटलं, मला काय माहीत. "आन बिनलग्नाच्या? रांगणाऱ्या?" त्यांनी विचारलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. आम्ही दोघी दारोदार फिरलो. मी आधी सगळं नीट समजावून सांगायचे, संस्था, शिक्षण, बालमन वगैरे. आक्का मला हातानं बाजूला करायच्या. "पोरगी हाय न्हवं घरात? लग्नाला भांडी लागणार न्हवं? भाडं आत्ता द्या, आजच्या भावानं. लगीन हुईल तवा या आन घिऊन जावा. आज न्हाय दिलं तर भांडी मोडीत जात्यात." लोक हसायचे, आत जाऊन विचारायचे आणि पैसे घेऊन यायचे. एका घरात मुलगी पाळण्यात होती. आजीनं तिचं भाडं दिलं आणि वर बजावलं, "घंगाळं चांगली द्या हां, नातजावयाला आंघोळ घालायची हाय." बालवाडीतल्या मुलींच्या आया स्वतःहून आल्या. मंडळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आक्का, मला तर एकच मुलगा आहे. मी काय करू?" आक्कांनी क्षणभरच विचार केला. "वास्तुशांत करा. भाडं त्येवढंच."

तरीही पाडव्याच्या आदल्या दिवशी थोडे कमी पडलेच. मी माझ्या बांगड्या काढायला निघाले होते. आक्कांनी माझा हात दाबून धरला. "त्या असू देत. हाय तेवढं घिऊन चल."

मालकांच्या ओसरीवर मी पैशांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पैसे पाहिले आणि अवघडून म्हणाले, "बाई, थोडे कमी आहेत." मी काही बोलायच्या आत आक्कांनी विचारलं, "तुमास्नी नात हाय न्हवं? मुंबैला?"

"आहे की. पाच वर्षांची."

"तिचं लगीन कोल्हापुरात करायचं का मुंबैत?"

"आमच्यात लग्नं कोल्हापुरातच होतात."

"मग जेवण कशात शिजवणार?"

मालकांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "धरा," म्हणाले, "कमी आहेत ते माझ्या नातीच्या लग्नाचं भाडं धरा." आणि त्यांनी विसारपावतीवर सही केली.

तिथून आम्ही सरळ खोलीकडे आलो. कशाला आलो ते दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. आत बाई मुलांना गाणं शिकवत होत्या आणि मुलं ते मनाला येईल तसं ओरडत होती. मी पायरीवर बसले. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं झालं आणि मला रडू आलं. लाज वाटली नाही. "आक्का," मी म्हटलं, "सुटलो हो."

"तू सुटलीस," माझ्या शेजारी बसत त्या म्हणाल्या. "मी कुठं सुटलो? आख्ख्या पेठेच्या पोरींची लग्नं घिऊन बसलोय. त्यातली एक अजून पाळण्यात हाय. तिला सासरी धाडंपर्यंत आता मला मराय येत न्हाय."

एस.टी. चुकल्यावर माणूस करतं तशी त्यांनी कुरकुर केली. मी हसू लागले. मग त्याही हसल्या, त्यांच्या त्या प्रचंड आवाजात, आणि आतली पोरं गाणं सोडून दाराशी बघायला आली. ऊन पायरीवर आलं तरी आम्ही हललो नाही. तिथून आम्हाला उठवायला आता कुणी येणार नव्हतं.